विचारायची ओळ

नियम चार ओळींचा होता. मी तो एका पाठकोऱ्या कागदावर पेनने लिहिला. वृत्तपत्राच्या डेस्कवर इतकी वर्षे काढल्यानंतर मसुद्यासाठी कोरा कागद घ्यायला हात धजत नसे. तो कागद अजून माझ्याकडे आहे. पुढे जे झाले त्यात माझ्या बाजूने दाखवता येईल अशी तेवढी एकच वस्तू आहे, आणि तिच्यावर तारीख नाही.

कार्यालय राजारामपुरीतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर होते. दोन खोल्या, तीन संगणक, दोन किल्ल्या. एक किल्ली माझ्याकडे असे, दुसरी ते कार्यालय जिने सुरू केले तिच्याकडे. ती आणि मी एकाच दैनिकात होतो. मी उपसंपादक, ती पाने लावायला आली आणि संगणकाचे सगळे काम शिकत शिकत त्या विभागाची प्रमुख झाली. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. दैनिकाची कोल्हापूर आवृत्ती बंद झाली तेव्हा तिने स्वतःचे काम उभे केले आणि वर्षभराने मला फोन केला, ‘ताई, घरात बसून काय करताय? या की. शुद्धलेखन बघायला माणूस न्हाय माझ्याकडं.’ मी गेले. कोल्हापुरातल्या मुलींसारखी तीही स्वतःबद्दल ‘मी जातो, मी करतो’ असेच बोलायची. डेस्कवर असताना मी ते सुधारायचा प्रयत्न केला होता. तिने तो हाणून पाडला.

आमचे काम गावोगावच्या शिवाराच्या नावांची पुस्तके करण्याचे. सातबारावर शेताला फक्त गट नंबर असतो, पण गावात कोणी नंबराने शेत ओळखत नाही. चिंचेची पट्टी, घोडेतळ, भुताचा आंबा अशी नावे असतात आणि ती फक्त तोंडात असतात. प्रत्येक गावातला एक जाणता माणूस ती गोळा करायचा, आम्ही ती नीट लावून छापायचो. जोतिबाच्या डोंगरापासून राधानगरीच्या धरणापर्यंत आमची माणसे होती.

इतक्या लोकांचे लेखन एकमेकांत मिसळू नये म्हणून आम्ही प्रोग्रॅमर मंडळी वापरतात ती व्यवस्था वापरत होतो. तिच्यात मूळ मजकुराला हात न लावता त्याची एक वेगळी शाखा काढता येते. तिला ब्रँच म्हणतात. ब्रँचवर हवे ते बदल करायचे, पक्के झाले की मुळात मिळवायचे, काम संपले की ती मिटवायची. कोणी कधी काय बदलले याची नोंद आपोआप राहते. या व्यवस्थेवर मराठीतून हुकूम देता येतील असे एक वेष्टन तिने स्वतः लिहिले होते. गावातला माणूस ‘उघड’, ‘मिळव’, ‘मिटव’ असे शब्द लिहून काम करू शकत असे.

अडचण नावांची होती. प्रत्येक ब्रँचच्या नावात तालुका, गाव, पुस्तक आणि काम असे चार भाग असत. नेसरीच्या दुरुस्त्यांची ब्रँच उघडायची तर ‘गडहिंग्लज/नेसरी/शिवारनावे/दुरुस्ती’ एवढे सगळे, एकही वेलांटी न चुकता लिहावे लागे. साठीच्या पुढच्या माणसाला दोन बोटांनी मराठी टंकताना त्यात पाच मिनिटे जात. राधानगरीच्या एका गृहस्थांनी तर ते नाव चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या कडेला चिकटवले होते.

डेस्कवर आम्ही बातमीला एका शब्दाचे नाव देत असू. आतल्या पानासाठी ‘ऊस’ म्हटले की कोणती बातमी ते सगळ्यांना कळे. त्याच दिवशी उसाच्या दोन बातम्या असतील तर पान लावणारा उठून विचारायला येई. न विचारता लावली तर दुसऱ्या दिवशी त्याला संपादकांसमोर उभे राहावे लागे. मी नियम लिहिला तो त्यावरून. पहिली ओळ: नावाचा कोणताही एक भाग लिहिला तरी चालावे. दुसरी: त्या भागाशी जुळणारी एकच ब्रँच असेल तर ती घ्यावी. तिसरी: एकाहून अधिक असतील तर विचारावे, अंदाज करू नये. चौथी: मिटवण्याचे काम असेल तर एकच असली तरी विचारावे.

तिने कागद वाचला आणि हसली.

‘ताई, किती इचारायचं त्यानं? मशीन हाय ते, सासू न्हाय.’

‘सासू असती तर बरं झालं असतं. आधी विचारते तरी.’

‘तुमची असंल. आमची डायरेक्ट करून मोकळी हुती.’

पण तिने चारही ओळी जशाच्या तशा बसवल्या. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी माझ्या संगणकावर नुसते ‘नेसरी’ लिहिले की पडद्यावर येई: नेसरीच्या दोन ब्रँच आहेत, कोणती? त्या ओळीला आम्ही विचारायची ओळ म्हणू लागलो. मराठी टंकनाची चाचणी माझ्याच संगणकावर होत असे, कारण मराठी कळफलक तिथे बसवलेला होता.

नेसरीचे नाव बाहेरच्या लोकांना तिथल्या लढाईमुळे माहीत असते. तिथल्या आमच्या गुरुजींना लढाईत रस नव्हता. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक, आणि त्यांना शेतांची नावे हवी होती. ती गोळा करायची त्यांची स्वतःची रीत होती. मालकाने सांगितलेले नाव ते लगेच धरत नसत. ज्यांचा बांध त्या शेताला लागून आहे असे दोन बांधकरी शोधायचे, दोघांना वेगवेगळे विचारायचे. दोघेही तेच नाव म्हणाले तर नाव पक्के. एकानेही वेगळे सांगितले तर वहीत त्या शेताचा आकडा घालून पुढची ओळ कोरी सोडायची. मालकाच्या घरचा माणूस बांधकरी म्हणून चालत नसे. ‘एकाच बांधातलं ते,’ असे ते म्हणत. त्यांच्या वहीत कोऱ्या ओळी बऱ्याच होत्या आणि काही वर्षांनी त्यांतल्या काही भरल्याही गेल्या होत्या.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा गुरुजी ग्रामवाचनालयाच्या दारात उभे होते. ‘या पावणं,’ म्हणाले. अनोळखी माणसाला आमच्याकडे तसेच म्हणतात. जेवण होईपर्यंत मी पावणं होते. चहाच्या वेळी ताई झाले.

वाचनालयाच्या संगणकावर मी त्यांना नवी सोय दाखवली. पहिले पुस्तक तेव्हा छापून झाले होते आणि गावातून दुरुस्त्यांचा पाऊस सुरू झाला होता. लोक पुस्तक हातात घेऊन त्यांच्या घरी येत, आणि ‘ह्ये आमच्या पट्टीचं नाव न्हाय गुरुजी, ह्ये भावकीनं सांगितलंय’ असे म्हणत. या दुरुस्त्या सगळ्या झाल्या की दुसऱ्या छपाईत जायच्या होत्या. म्हणून नेसरीच्या दोन ब्रँच होत्या, एक झालेल्या छपाईची आणि एक चालू दुरुस्तीची.

गुरुजींनी ‘उघड नेसरी’ लिहिले. ओळ आली. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

‘आयला, ह्ये बी इचारतंय की!’

‘विचारल्याशिवाय काही करणार नाही ते,’ मी म्हणाले.

‘पुसून टाक म्हटलं तर?’

‘तेव्हा तर दोनदा विचारेल.’

‘माझ्यासारखंच हाय बेणं,’ ते म्हणाले आणि खूश होऊन ग्रंथपालबाईंना बोलावून त्यांनी ती ओळ दाखवली.

त्यानंतर त्यांनी वही पुढे केली. दुरुस्त्या ते आधी वहीत लिहीत आणि मग संगणकावर घेत. हात कापत होता, एकच गोष्ट दोनदा लिहिताना त्रास होई. मला विचारले, वही ठेवू का बंद करू? डेस्कवर आम्हाला एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवली जाई: मजकूर एकाच ठिकाणी ठेवा; दोन ठिकाणी ठेवला की हमखास जुना छापला जातो. मी तेच सांगितले. वही बंद करा.

‘शब्द तुमचा न्हवं?’

‘माझा.’

त्यांनी वही मिटली, तिला दोरा गुंडाळला आणि कपाटात ठेवली. दुरुस्तीतली पुढची सगळी नावे ते थेट ब्रँचमध्ये लिहू लागले.

काही महिन्यांनी पुण्याहून एका संस्थेची माणसे आमचे काम बघायला आली. त्यांना असेच काम राज्यभर करायचे होते. शुक्रवारी दोघे आले, सोमवारी त्यांचे वरिष्ठ येणार होते. शुक्रवारच्या दोघांसमोर तिने स्वतः करून दाखवले. विचारायची ओळ चार वेळा आली. चौथ्या वेळी त्यांच्यातला एक जण हसून म्हणाला, ‘प्रत्येक गोष्टीला परवानगी मागतंय का हे?’ ती हसली नाही. ते गेल्यावर तिने चहाचे कप स्वतः विसळले. असे ती कधी करत नसे.

‘सोमवारी जरा झटपट दिसाया पायजे,’ म्हणाली.

‘ओळ काढायची नाही,’ मी म्हणाले.

‘न्हाय हो. मी काय येडा हाय व्हय?’

रविवारी मी घरच्यांबरोबर जोतिबाला होते. सकाळी निघालो, दुपारी डोंगरावरच जेवलो, उतरायला संध्याकाळ झाली. साडीवरचा गुलाल दोन धुण्यांत गेला नाही. हे तपशील मी एरवी लिहिले नसते.

सोमवारचा कार्यक्रम चांगला झाला. मी बाहेरच्या खोलीत मुद्रिते वाचत होते. आतून टाळ्यांचा आवाज आला.

त्यानंतरचे तीन आठवडे नेहमीसारखे गेले. आम्ही दुपारी एक वाजता एकत्र जेवत असू. तिला माझ्या घरची वांग्याची भाजी आवडायची, मला तिच्या आईचा ठेचा. ती माझ्या डब्यातून विचारल्याशिवाय घ्यायची आणि मला त्याचे काही वाटत नसे. त्या तीन आठवड्यांत आम्ही जेवताना काय बोललो ते मी नंतर आठवून पाहिले. तिच्या भाचीच्या लग्नाबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल, पुण्याच्या पत्राबद्दल. पत्र येईल की नाही यावर आम्ही पैजही लावली होती.

चौथ्या आठवड्यात, सकाळी, मी अजून घरीच असताना गुरुजींचा फोन आला.

‘पावणं, मी नेसरीचा गुरुजी बोलतोय.’

त्यांनी इतक्या महिन्यांत स्वतःचे गाव सांगून कधी फोन केला नव्हता. मी काय झाले विचारले.

‘दुरुस्ती न्हाय.’

‘नाही म्हणजे?’

‘न्हाय म्हंजे न्हाय. उघड म्हटलं तर छपाई उघडतीया. दुरुस्ती दिसंना.’

मग एकेक करून कळले ते असे. सोमवारच्या कार्यक्रमानंतरच्या बुधवारी गुरुजी वाचनालयात बसून दुरुस्त्या घालत होते. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलीकडे बेळगावला जायचे होते. जाण्याआधी झालेल्या छपाईची ब्रँच मिटवून जावे, म्हणजे पसारा कमी होईल, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी लिहिले ‘मिटव नेसरी’ आणि हात थांबवला, कारण आता यंत्र विचारणार होते. पडद्यावर आले: झाले. त्यांना वाटले, छपाई मिटली. काही गोष्टी त्याला आता न विचारता कळत असतील. ते संगणक बंद करून घरी गेले आणि तीन आठवडे मुलीकडे राहून आले.

मिटलेली ब्रँच लगेच नाहीशी होत नाही. काही दिवस ती आत कुठेतरी पडून असते आणि जाणकाराला परत आणता येते. मग व्यवस्था स्वतःची झाडलोट करते. आम्ही जागा वाचवण्यासाठी ती मुदत दोन आठवड्यांची ठेवली होती, वाचनालयाच्या संगणकावर आणि आमच्याकडेही. ते मला माहीत होते, कारण माहितीपुस्तिकेत ते वाक्य मीच लिहिले होते.

‘आधी ऑफिसला फोन केलता,’ गुरुजी म्हणाले. ‘त्या बाईंनी बघून सांगितलं. इचारायची ओळ काढली म्हणून झालं म्हणाल्या. कुणी काढली म्हटलं. तर तुमचं नाव सांगितलं.’

‘माझं?’ मी विचारले.

‘नोंदीत हाय म्हणाल्या. नावानिशी.’

मी रिक्षाने कार्यालयात गेले. ती सकाळी येऊन बाहेर गेली होती. मी माझ्या संगणकावर वेष्टनाच्या बदलांची नोंद उघडली. बदल तिथे होता. नियमाची तिसरी आणि चौथी ओळ काढली होती. त्यांच्या जागी एक ओळ होती: एकाहून अधिक असतील तर शेवटी वापरलेली घ्यावी. गुरुजींनी त्या बुधवारी शेवटची वापरली होती ती दुरुस्ती. बदलाखाली रविवार, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटे अशी वेळ होती आणि माझे पूर्ण नाव होते. त्या वेळी मी जोतिबाच्या एका खानावळीत पुरणपोळीची वाट पाहत होते.

नाव कसे आले ते मला माहीत होते. बदल ज्या संगणकावरून होतो त्या संगणकावर ज्याचे नाव दिलेले असते ते आपोआप खाली पडते. नाव बदलायला एक ओळ लिहावी लागते. ती अर्ध्या मिनिटाचे काम असते.

मी त्या दुपारी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही ओळी परत घातल्या. त्या बदलाखालीही माझे नाव पडले. आता नोंद वाचणाऱ्याला असे दिसते की मी ओळी काढल्या, नुकसान झाले आणि मी ओळी परत घातल्या. क्रम स्वच्छ आहे. मी डेस्कवर असते तर तीच बातमी केली असती.

ती एक वाजता आली, जेवायच्या वेळेला. मी डबा उघडून बसले होते.

‘रविवारी इथे आली होतीस?’

‘आलतो की. सोमवारचं नव्हतं का?’

‘ओळी काढल्यास.’

तिने खुर्ची ओढली आणि बसली. ‘तात्पुरत्या काढलत्या, ताई. सोमवारपुरत्या. मंगळवारी परत घालणार हुतो. पण अपडेट सोमवारीच सगळ्या गावांना गेलं, मग म्हटलं, बघू कुणी ओरडतंय का. कुणी ओरडलं न्हाय.’

‘मला सांगायचं होतंस.’

‘तुमी न्हाय म्हणाला असता.’

‘हो.’

‘मग?’

हे तिने खरेच विचारले. मी दुसरा प्रश्न घेतला.

‘माझ्या नावावर का?’

‘मराठी तुमच्याच मशीनवर चालतंय की. माझ्या मशीनवर टेस्ट कसं करणार? नाव मी टाकलं न्हाय. ते आपोआप पडतंय. पुस्तिकेत तुमीच लिहिलंय.’

‘आणि गुरुजींना?’

‘गुरुजींनी इचारलं कुणी बदललं. मी नोंद उघडली, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. ह्यात खोटं काय बोललो मी?’

मी पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होते. ती ओशाळली नव्हती. घाबरलेलीही नव्हती. पानावर चूक निघाली की पान लावणारे जसे मूळ प्रत दाखवतात, तशी ती मला मूळ प्रत दाखवत होती. ते तिला मी शिकवले होते. पहिल्या वर्षी एका मथळ्यावरून तिच्यावर आळ आला तेव्हा मीच तिला सांगितले होते, की तोंडाने भांडू नकोस, लिहिलेले पुढे ठेव.

‘गुरुजींना फोन करून खरं सांग,’ मी म्हणाले.

‘पुण्याचं पत्र आलंय ताई. परवा सही हाय. आत्ता ह्यो गोंधळ माझ्या नावावर कशाला? तुमी काय, सल्लागार. तुमच्या नावानं झालं तर कोण काय म्हणतंय? चूक झाली म्हणायचं, वयस्कर माणूस हाय म्हणायचं.’

तिने सवयीने हात पुढे केला. मी डब्याला झाकण लावले. तिचा हात टेबलावर तसाच राहिला, मग तिने तो मागे घेतला.

‘एवढ्यावरनं?’ ती म्हणाली.

त्या महिन्याअखेरीस मी काम सोडले. किल्ली टेबलावर ठेवली. तिने अडवले नाही. ‘रागात निर्णय घेऊ नका ताई’ एवढा निरोप मोबाईलवर आला, तोही दुसऱ्या दिवशी.

त्याआधी मी नेसरीला गेले. गडहिंग्लजला गाडी बदलली. गुरुजी वाचनालयातच होते. त्यांनी ‘या पावणं’ म्हटले, खुर्ची दिली, पाणी दिले. टेबलावर जुनी वही होती आणि दोरा सोडलेला होता. तिच्यातले शेवटचे पान ज्या दिवशी मी त्यांना ती बंद करायला सांगितली त्या दिवशीचे होते. त्यानंतरची सगळी नावे गेली होती. किती, असे मी विचारले. त्यांनी बोटांवर घरे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिले.

‘परत हिंडू की,’ म्हणाले. ‘पाय हायत अजून. पण एक म्हातारी गेली तवर. घोडेतळाच्या वरच्या अंगाला तिचा बांध हुता. तिच्याशिवाय त्या पट्टीला दुसरा बांधकरी न्हाय.’

‘गुरुजी, ती ओळ मी काढली नाही.’

‘व्हय?’

‘रविवारी काढली गेली. मी जोतिबाला होते.’

‘संगं कोण हुतं?’

‘घरचे.’

त्यांनी मान हलवली. काही न बोलताही मला कळले. घरचे म्हणजे एकाच बांधातले.

‘दुसरं कोण हाय सांगणारं?’ त्यांनी विचारले. आवाजात राग नव्हता. शेताबद्दल विचारताना जसे विचारत तसेच त्यांनी विचारले.

सांगणारे एकच माणूस होते. मी तिथूनच तिला फोन लावला आणि मोबाईल टेबलावर, वहीशेजारी, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. ग्रंथपालबाई वर्तमानपत्रे लावायची थांबल्या. मी सांगितले की गुरुजी ऐकत आहेत आणि ओळ कोणी काढली हे त्यांना सांगावे.

पलीकडून गाड्यांचे आवाज येत होते. ती रस्त्यात कुठेतरी होती. बराच वेळ ती बोलली नाही. तेवढ्या वेळात मला वाटले की ती सांगेल. हे लिहिणे गरजेचे आहे, कारण तेवढा वेळ मला तसे नक्की वाटले होते. मी तिच्या बाजूने कारणेही जमवली होती: सही झाली असेल, आता तिला भीती उरली नसेल, ती मुळात वाईट नाही.

‘गुरुजी,’ ती म्हणाली, ‘नोंदीत जे हाय ते हाय. मी त्याच्या भाईर काय सांगू? ताईंना तरास नका देऊ, त्यांनी मुद्दाम न्हाय केलं.’

‘बरं,’ गुरुजी म्हणाले आणि फोन बंद कुठून करायचा ते मला विचारून त्यांनीच बंद केला.

मग ते खिशातले पेन काढून वहीवर वाकले. मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी एक आकडा घातला. मी बघत होते. त्यापुढे माझे नाव त्यांनी लिहिले नाही आणि तिचेही लिहिले नाही. ओळ कोरी सोडली.

‘पक्कं न्हाय,’ म्हणाले. ‘दोघं दोन सांगत्यात. ऱ्हाऊ दे असंच.’

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही असे म्हणता येणार नाही. तिच्यावरही ठेवला नाही. शेताला जो न्याय तोच त्यांनी मला दिला, आणि मी त्यांच्या त्या रीतीचे एवढे कौतुक केले होते, छापूनही, की आता तक्रारीला जागा नव्हती. फक्त तिच्या शेवटच्या वाक्याचा त्रास होत राहिला. तिने मला माफ करून टाकले होते, मी न केलेल्या गोष्टीसाठी, आणि साक्षीदारांसमोर.

मी चार दिवस नेसरीत राहिले. ग्रंथपालबाईंच्या घरी उतरले. सकाळी लवकर गुरुजी पुढे आणि मी वही घेऊन मागे, असे आम्ही शिवार हिंडलो. गेलेल्या दुरुस्त्या एकेक करून परत विचारल्या. लिहायला मी, कारण त्यांचा हात कापतो. प्रत्येक नावाला दोन बांधकरी. ऊस उंच होता, बांधावरून जाताना पाती हाताला कापत. पहिल्याच शेतात मालक भांगलणीला बसला होता. त्याने आम्हाला पाहून खुरपे बाजूला ठेवले.

‘गुरुजी, परत? मागंच सांगितलं की सगळं.’

‘सांगितलंस. गेलं ते. आता परत सांग.’

‘आन् ह्या कोण?’

‘पावणं हायत,’ गुरुजी म्हणाले. ‘कोल्हापूरचं.’

मी वही उघडली, शेताचा आकडा घातला आणि त्याच्या नावाची वाट पाहत बांधावर उभी राहिले.